व्हर्डीचा वरचा सूर

स्टुडिओत पाऊल टाकल्याबरोबर ड्रुसिला आत्यानं पहिली चूक काढली ती खुर्च्यांची. सगळ्या खुर्च्या काचेच्या भिंतीकडे तोंड करून मांडलेल्या होत्या.

"गायचंय कोणासाठी? त्या काचेसाठी?" असं म्हणत तिनं अंगातला कोटसुद्धा न काढता चार खुर्च्या फरफटत ओढल्या आणि आमच्या डोंगरातल्या चर्चमध्ये असतात तशा समोरासमोर, चौकात लावून टाकल्या.

मिस्टर प्रेस्नेल हसले. रेकॉर्ड काढणारे ते, स्टुडिओ त्यांचा, वेळ त्यांची. "मिस ड्रुसिला, इथं माइक म्हणेल तसं उभं राहावं लागतं."

"माइकला म्हणावं, स्वतः येऊन सांग. मग बघते."

वादक मंडळी तोंड फिरवून हसली. खुर्च्या अर्थात परत जागच्या जागी गेल्या. आत्याचा त्या दिवशीचा हा पहिला पराभव, आणि तो तिनं मोजलाच नाही, कारण तिच्या मते वाद अजून चालू होता.

मी व्हर्डीची मुलगी, त्यामुळे या प्रकरणात माझा राग एकाच बाजूचा आहे हे आधीच कबूल करते. आजी-आजोबांना, मावशीला, आईला मी इथं नावानंच लिहिणार आहे; ड्रुसिला तेवढी सगळ्यांचीच आत्या. नाती लावली की मला धड रागावता येत नाही. आणि लोरीन मावशीची बाजू मी तिच्याच तोंडून ऐकलेली आहे, तीही एकदा नव्हे. तरीसुद्धा माझा राग गेलेला नाही.

तर १९५७ सालचा फेब्रुवारी. पहाटे तीनला डोंगरातून निघून ग्रेडी लेडफर्डची जुनी प्लिमथ गाडी दहाच्या ठोक्याला नॅशव्हिलला पोचली होती. गाडीत ग्रेडी, त्याची बायको ओलेटा, बहीण ड्रुसिला, आणि दोन मुली: तेवीस वर्षांची लोरीन आणि एकोणीस वर्षांची व्हर्डी. सहा वर्षं दर शनिवारी संध्याकाळी पाच वाजता गावच्या रेडिओवर 'लेडफर्ड भगिनी' म्हणून या दोघी गात होत्या. लोरीन चाल धरायची, व्हर्डी तिच्यावरचा सूर लावायची. लोक म्हणत, सख्ख्या बहिणींशिवाय असं जमायचं नाही, रक्तच तसं लागतं. आता त्यांची पहिली रेकॉर्ड निघणार होती.

दहा ते एक, तीन तास, चार गाणी, असा तिथला शिरस्ता. वादकांची संघटना एकाच्या पुढे मिनिटभर वाजवू देत नसे. ग्रेडीनं मँडोलिन आणलं होतं. लग्नाआधीपासूनचं ते मँडोलिन. प्रेस्नेलनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आज विश्रांती घ्या, मिस्टर लेडफर्ड. आमची पोरं वाजवतील." मँडोलिनची पेटी उघडलीच नाही. ग्रेडी ती मांडीवर घेऊन काचेपलीकडच्या खोलीत, मशीनवाल्या हॉलिसच्या मागं जाऊन बसला. घरात ज्याच्या नजरेला कुत्रं घाबरायचं तो माणूस "बरं, सर" म्हणाला, हे ओलेटानं पाहिलं आणि ती पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली.

पावणेबारापर्यंत तीन गाणी झाली. चांगली झाली. राहिलं होतं ते चौथं, आत्याच्या आईनं रचलेलं, 'बर्फ वितळलं की ये'. प्रेस्नेलनी त्याची गती वाढवली होती, मोठा उभा बास वाजवणाऱ्याला तारांवर चापट मारत वाजवायला सांगितलं होतं, कारण आता पोरांना नाचायला लागतं. त्यावरूनही आत्याचं बोलून झालं होतं.

मग प्रेस्नेल बाहेर आले. "एक करा," ते अगदी सहज म्हणाले, "व्हर्डीची ओळ लोरीनला बसवून द्या. दोघींना दोन्ही येत असलेलं बरं. घसा आहे, सर्दी आहे, काय सांगावं."

आत्याला यात काडीचंही वावगं दिसलं नाही. आमच्यात नियमच आहे तो. आमच्या चर्चच्या गाण्यात वाद्यं नसतात, श्रोतेही नसतात. चार बाजूंना चार आवाज बसतात आणि एकमेकांच्या तोंडाकडे बघत गातात. पुस्तकातले सूर त्रिकोणी, गोल, चौकोनी छापलेले असतात. आधी फा, सोल, ला म्हणत सूर बसवायचे, मग शब्द. आणि कोणीही, अगदी वाटेनं जाणारा परका जरी, म्हणाला की "मला तुमची ओळ शिकवा," तर त्याला शेजारी बसवून घ्यायचं आणि शिकवायची. हातचं राखायचं नाही. तीस वर्षं गाणशाळा चालवून आत्यानं हेच पोरांच्या डोक्यात भरलं होतं. तिच्या लेखी गाणं अडवणारा माणूस विहिरीला कुलूप लावणाऱ्यापेक्षा वाईट.

"बस गं तिच्यापुढं," आत्या व्हर्डीला म्हणाली. "आणि नीट दे. घाईत देऊ नकोस."

व्हर्डीनं खुर्ची फिरवली, लोरीनच्या गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ घेतली, आणि दिली. पहिली ओळ, दुसरी ओळ. लोरीन तिसऱ्या ओळीला अडखळली.

"तिथं श्वास घेऊ नकोस," व्हर्डी म्हणाली. "तू खाली धरून ठेवतेस ना, तेव्हाच मी चढते. तुझा सूर पायाखाली असतो माझ्या. तिथं थांबलीस की पडलीस. अं... असं. थोडा फाटू दे आवाज. घाबरू नकोस, फाटतो आणि बसतो."

"फाटला तर वाईट दिसेल."

"मुद्दामच फाडते मी. तुला इतकी वर्षं कळलं नाही?" व्हर्डी हसायला लागली. "मला वाटलं, तुला माहितीय!"

लोरीन हसली नाही. तिनं ओळ पुन्हा म्हटली, आणि चौथ्यांदा तिला जमली. व्हर्डीनं आनंदानं टाळी वाजवली. माझी आई ही गोष्ट सांगायची तेव्हा दरवेळी इथं थांबायची. "टाळी वाजवली गं मी," म्हणायची.

*

"लोरीन, तू एकटी इथं थांब," प्रेस्नेल म्हणाले. "बाकीच्यांनी काचेमागं."

ग्रेडीला वाटलं, चाचणी असेल. हॉलिस दोन मशीनं जोडत होता, एकावरची टेप फिरेल तेव्हा दुसरंही फिरेल अशी. हॉलिस हा स्वतःहून बोलणारा माणूस नव्हता, पण ग्रेडीला यंत्रांचं वेड. लाकडाच्या गिरणीत आयुष्य गेलेलं.

"दोन कशाला लागतात?" ग्रेडीनं विचारलं.

"पहिल्यावर चाल घेतो, सर. मग ती चाल तिच्या कानात सोडतो, आणि ती त्यावर गाते. दुसऱ्या मशीनवर दोन्ही एकत्र उतरतं."

"काय गाते?"

हॉलिसनं प्रेस्नेलकडं पाहिलं. प्रेस्नेल घड्याळ बघत होते.

वादकांनी चापट मारत गाणं वाजवलं, लोरीननं चाल गायली, एका झटक्यात झाली. मग वादकांनी हात खाली ठेवले. लोरीननं कानांवर हेडफोन चढवले आणि डोळे मिटले. लाल दिवा लागला. काचेमागच्या खोलीतल्या स्पीकरमधून लोरीनची चाल पुन्हा सुरू झाली, आणि तिच्यावर, व्हर्डीच्या जागी, व्हर्डीनं दिलं तसंच, लोरीन.

ओलेटाच्या शेजारी व्हर्डी उभी होती. पहिल्या ओळीला तिनं मान डोलावली, मास्तरणीसारखी. दुसऱ्या ओळीला मान थांबली. तिसऱ्या ओळीला लोरीननं श्वास घेतला नाही, आवाज फाटू दिला आणि बसवला.

"ही चाचणी आहे ना?" व्हर्डीनं विचारलं.

हॉलिसनं मान खाली घातली. बिचारा तेवढंच करू शकत होता.

"मी विचारतेय, ही चाचणी आहे ना?"

"बेटा," प्रेस्नेल म्हणाले, "आज कंपन्यांना बहिणी नकोयत. भाऊ नकोत, बहिणी नकोत, आईवडील तर नकोतच. एक मुलगी, एक चेहरा, एक नाव. पण आवाज दोन हवेत, कारण ऐकायला तेच गोड लागतं. त्यात तुझा काही दोष नाही."

"माझा दोष!" व्हर्डी म्हणाली. "माझा दोष कुठून आला यात?"

ग्रेडी उठला. मँडोलिनची पेटी त्यानं खुर्चीवर ठेवली. सकाळपासून गिळलेलं सगळं एकदम वर आलं. "मिस्टर प्रेस्नेल, मी पहाटे तीनला दोन मुली गाडीत घालून आणल्या. तुम्ही एक ठेवून घेताय आणि एक परत देताय? वाण्याकडं सफरचंदं निवडतात तशा?"

"मिस्टर लेडफर्ड..."

"थांबा. आणि मागायचं होतं तर सरळ मागायचं. घसा काय, सर्दी काय! ताकाला जाऊन भांडं कशाला लपवलंत? पोरीच्या हातून तिची ओळ काढून घेतलीत, तिच्याच हातानं!"

"तिनं आपणहून शिकवली," प्रेस्नेल म्हणाले.

आत्याच्या तोंडून जो आवाज निघाला त्याला शब्द नव्हते. ती प्रेस्नेलच्या इतकी जवळ गेली की त्यांना मागं सरावं लागलं. "आमच्याकडं सूर मागितला की देतात. तुमच्याकडं मागितला की पळवतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी तिला म्हटलं, नीट दे. मी म्हटलं! माझ्या तोंडानं म्हटलं मी!"

"मिस ड्रुसिला, बारा वाजून पंचवीस मिनिटं झालीयत. आपण आधी ऐकू या का?"

आणि त्या माणसानं, कोणाची परवानगी न घेता, हॉलिसला खूण केली.

*

आता ग्रेडीबद्दल लिहायचं माझ्या जिवावर येतं. माझे आजोबा ते. माझ्या लहानपणी माझ्या केसांतल्या गाठी ते बोटांनी सोडवायचे. पण लिहायला हवंच.

टेप वाजली. बारकी चापट, त्यावर चाल, आणि त्यावर तो वरचा सूर. ग्रेडी आधी हाताची घडी घालून, जबडा आवळून उभा होता. पहिलं कडवं संपलं तेव्हा घडी सुटली. दुसऱ्या कडव्याला तो स्पीकरकडं सरकला. त्याच्या आईचं गाणं होतं ते. ती गेली तेव्हा तो अकरा वर्षांचा होता, आणि या गाण्यात आईचा आवाज कसा होता हे त्याला आठवत नव्हतं. आता एकदम आठवल्यासारखं वाटलं. दोन आवाज एकमेकांना इतके मिळालेले की मध्ये सुई जाणार नाही.

गाणं संपलं. ग्रेडीनं नाक ओढलं.

"चांगलं झालंय," तो म्हणाला.

"ग्रेडी!" आत्या ओरडली.

"वाईट झालंय असं खोटं सांगू का? चांगलं झालंय. मी काय करू?" तो व्हर्डीकडं बघत नव्हता. "बघ ड्रुसी, आपलं गाणं आहे, आपल्या घरचीच पोरगी आहे. अर्धी भाकरी तर अर्धी भाकरी. आज नाही म्हटलं तर हे दार पुन्हा उघडायचं नाही."

"अर्धी भाकरी कोणाची? तुझी? तू मघाशी काय बोललास?"

"मघाशी ऐकलं नव्हतं मी!"

सगळ्या जगातली अन्यायी माणसं शेवटी हेच म्हणतात, असं मला वाटतं. आधी राग येतो, मग ऐकायला छान लागतं.

*

ओलेटा अजून काहीच बोलली नव्हती. ती तशीच. गाणं तिला येत नसे, आणि लेडफर्डांच्या घरात ज्याला गाणं येत नाही त्याचं मत कोणी विचारत नसे. तिनं महिनाभर बसून दोघींना एकसारखे निळे झगे शिवले होते, रेकॉर्डच्या वेष्टनावरच्या फोटोसाठी. दोन वाजता फोटो काढायचा होता. दोन्ही झगे घडी घालून एकाच पिशवीत होते.

पण पहाटे सामान भरताना लोरीनच्या बॅगेत तिला दुकानातून आणलेला लाल झगा दिसला होता. दिसला आणि तिनं बॅग बंद केली. वाटलं, पोरीचं कुठंतरी जमलं असेल, नाचायला जायचं असेल. मोठ्या मुलीला विचारायचं कसं?

आता ती खुर्चीवरून उठली. "तो लाल झगा फोटोसाठी आणलाय का गं?" तिनं विचारलं. लोरीन नुकतीच दार उघडून आत आली होती, हेडफोननं केस चपटे झालेले.

लोरीन हातानं केस सारखे करायला लागली.

"म्हणजे माहीत होतं," ओलेटा म्हणाली. "मी निळ्याला काज करत होते, रात्री डोळे फोडून, आणि तुला माहीत होतं. दिवाही तूच धरत होतीस मला."

"आई, मला..."

"किती दिवस?" हे व्हर्डीनं विचारलं.

"आठ." लोरीनला खोटं बोलता येत नसे, हे तिच्या बाजूनं लिहून ठेवते. "त्यांनी गेल्या आठवड्यात सोमवारी फोन केला. रेडिओच्या ऑफिसात."

"आठ दिवस माझ्या शेजारी झोपलीस," व्हर्डी म्हणाली. "एका रजईत. माझे थंड पाय लागले की शिव्या दिल्यास. पण हे नाही सांगितलंस."

"सांगितलं असतं तर तू ओळ दिली असतीस?"

"दिली असती!" व्हर्डी ओरडली. हॉलिसनं दचकून बटणावरचा हात काढला. "मूर्ख बाई, दिली असती मी! मागितली असतीस तर दिली असती. रडले असते, भांडले असते, पण दिली असती. तुला मागायचंच नव्हतं. तुला घ्यायची होती."

लोरीनचा चेहरा लाल झाला. इथून पुढं मी तिनंच मला सांगितलेलं लिहिते, कारण तिलाही राग होता, आणि तो सहा वर्षांचा होता.

चाल लोरीनची. रस्ता माहीत असायला लागतो तो लोरीनला. पहिला शब्द तिचा, शेवटचा तिचा, व्हर्डी चुकली तर सावरायचं तिनं. रेडिओच्या मॅनेजरशी भांडायचं तिनं, गाडी बिघडली तर बर्फात उतरायचं तिनं. आणि पत्रं यायची ती काय? 'ती वरच्या सुराची मुलगी कोण?' 'वरचा सूर लावणारी लग्नाची आहे का?' दुकानात कोणी भेटलं की लोरीनला म्हणायचं, "तुझी बहीण काय गाते गं!" सहा वर्षं.

"मी भाकरी आणि तू लोणी," लोरीन म्हणाली. "लोणी आवडलं म्हणतात सगळे. भाकरीला कोण चांगलं म्हणतं? एकदा, एकदा तरी मला दोन्ही व्हायचं होतं. ते पाप आहे का?"

"नाही," आत्या म्हणाली. सगळे चमकले. लोरीन आत्याची लाडकी, गाणशाळेतली पहिली शिष्या. "हवंसं वाटणं पाप नाही. पण सख्ख्या बहिणीसमोर गुडघ्याला गुडघा लावून बसायचं, तिच्या तोंडाकडं बघायचं, आणि मनात हे ठेवून तिच्याकडून सूर घ्यायचा! अगं, केसानं गळा कापलास तू तिचा. माझ्या शाळेत तुला मी हे शिकवलं नाही. आणि शिकवलं असेल, तर माझी शाळा बंद झालेली बरी."

लोरीन रडायला लागली. ग्रेडी तिच्याजवळ जाऊन उभा राहिला. व्हर्डीच्या जवळ ओलेटा होती. त्या लहानशा खोलीत, सिगारेटच्या धुरात, लेडफर्डांचे दोन तट पडले, आणि ते पुढं सव्वीस वर्षं पडलेलेच राहिले. त्या दिवशी मात्र त्यांच्या मध्ये जेमतेम एक खुर्ची होती.

*

प्रेस्नेलना मी दुष्ट म्हणणार नाही. दुष्ट माणसाला निदान आपण काय करतोय ते कळतं. या माणसाला वाटत होतं की सगळं छान झालं, थोडी रडारड झाली, घरच्या माणसांत होतेच. त्यांनी घड्याळ पाहिलं. एकाला दहा कमी होते. वादक आपापली वाद्यं पुसत होते.

"चला, झकास," ते म्हणाले. "हॉलिस, टेपवर नाव लिहून टाक. लोरीन लेडफर्ड. दोन्ही आवाज." मग हात चोळत लोरीनकडं वळले. "आणि आता मोठी बातमी. येत्या शनिवारी रंगमंचावर! पाच हजार माणूस, आणि रेडिओवरून अर्धा देश. मी शब्द टाकलाय. हेच गाणं म्हणायचं."

ग्रेडीचा चेहरा उजळला. लोरीननं डोळे पुसले. "शनिवारी?"

"शनिवारी. लाल झगा घाल. आणि अर्थात, व्हर्डी येईल." ते व्हर्डीकडं बघून मोकळेपणानं हसले. "मंचावर काही एक बाई दोन सुरांत गाऊ शकत नाही, हो की नाही? तिथं मशीन नेता येत नाही. तू जरा मागं, बासच्या शेजारी उभं राहायचंस. तिथंही एक माइक असेल. नाव पुकारणार नाहीत, पण तुलाही अनुभव मिळेल."

हॉलिसनं पेन्सिल खाली ठेवली.

मग ग्रेडी बोलला. माझ्या आईच्या मते तो घाबरला होता, दार बंद होईल म्हणून. असेल. पण बोलला ते बोलला. "येईल की," तो म्हणाला. "न यायला काय झालं? घरचीच आहे."

व्हर्डीनं वडिलांकडं पाहिलं. ती रडत नव्हती. तिनं खुर्चीच्या पाठीवरचा कोट घेतला आणि एक हात बाहीत घातला.

"नाही येणार, बाबा."

"व्हर्डी, बहिणीचा शनिवार आहे."

"माहीत आहे."

"मग हट्ट कसला? ओळ तुझीच आहे. तुझ्याइतकी कोणाला येते?"

"ओळ माझी नाही." व्हर्डीनं दुसरा हात घातला. "मी ती लोरीनला दिली. तुमच्या सगळ्यांसमोर, नीट, घाई न करता दिली. आपल्यात दिलेला सूर परत घेतात का? आत्या, तू सांग. घेतात का?"

तीस वर्षांत ड्रुसिला आत्याला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता, कारण तशी वेळच आली नव्हती. "नाही," ती म्हणाली. "घेत नाहीत."

"झालं तर."

"व्हर्डी," लोरीन म्हणाली. तिचा आवाज आता अगदी बारीक झाला होता. "पाच हजार माणूस असेल. मी दोन्ही कसे गाऊ? मला एकच तोंड आहे गं."

"हे मघाशी लक्षात यायला हवं होतं," व्हर्डी म्हणाली, आणि दार उघडून बाहेर पडली. आत्या तिच्या मागोमाग गेली, जाता जाता एक खुर्ची पायानं ढकलून.

ग्रेडीनं घाईघाईनं मँडोलिनची पेटी उचलली. एक पाऊल दाराकडं टाकलं, एक लोरीनकडं. कुठं जावं हे त्याला समजेना.

ओलेटानं पिशवीतून दोन्ही निळे झगे काढले, एक खुर्चीवर ठेवला, एक परत पिशवीत घातला.

"तू थांब इथंच, ग्रेडी," ती म्हणाली. "आम्ही तिघी बसनं जाऊ. हिच्याजवळ कोणीतरी असू दे. हिला एकटीनं गायची सवय नाही."